बंदुकीला कुंकू

शनि., ५ एप्रिल

डोकं फिरलंय. बंदुकीच्या दुकानात पाऊण तास, आणि काउंटरवरचा माणूस पूर्ण वेळ मंदारशी बोलला. शिकारीचं लायसन्स, तो याग्डशाइन, माझा. नऊ महिन्यांचे शनिवार-रविवार घालून परीक्षा दिली मी. कार्डावर फोटो माझा. आणि हा माझ्या नवऱ्याला विचारतोय, कोणतं कॅलिबर हवंय. मंदारला कॅलिबर खातात की पितात ते माहीत नाही, तरी जर्मनमध्ये "या, या, गेनाऊ", म्हणजे हो हो, अगदी बरोबर, करत मान डोलावत उभा!

बाहेर आल्यावर म्हणे, "शरू, चिडतेस कशाला, त्याला काय माहीत?"

त्याला नसेल माहीत. तुला होतं ना? एक बोट माझ्याकडे दाखवलं असतंस तर झिजलं असतं?

नव्या रायफली तशाही आवाक्याबाहेर. जुनीच बघायची. १ मेपासून रेह हरणांची शिकार सुरू. गावाबाहेरचं ते सगळं रेव्हिअर ब्रांडेसने वर्षानुवर्षं शिकारीसाठी भाड्याने घेतलंय, त्याच्या परवानगीशिवाय तिथे पाऊल ठेवता येत नाही. आणि त्याने मला स्पष्ट सांगितलंय: स्वतःची रायफल आण, मग एकटी बस मचाणावर. वर्षभर त्याच्या उसन्या रायफलीवर काढलं.

मंगळ., ८ एप्रिल

ब्रांडेसचा फोन. दुकानातला किस्सा सांगितला तर हसला नाही. म्हणाला, माझीच घे. डोळे गेले आता माझे, ऐंशी मीटरवर हरीण आहे की झुडूप ते कळत नाही.

मंदारला सांगितलं. "म्हाताऱ्याची जुनी बंदूक? फुटली-बिटली तर?"

आयुष्यभर धातू कसे थकतात, कुठे तडकतात तेच तपासतेय मी. त्याच पगारावर या घराचं अर्धं भाडं जातं. पण बंदूक फुटेल का हे मला कळणार नाही, याला कळणार.

रवि., १३ एप्रिल

घेतली. ३५० युरो, दुर्बिणीसकट. एवढ्यात नवीन रायफलीची नुसती दुर्बीणही येत नाही.

अठ्ठ्याण्णव सिस्टीमची, म्हणजे १८९८ च्या रचनेची बोल्ट-ॲक्शन. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. ब्रांडेसच्या वडिलांनी गावातल्या गनस्मिथकडून बनवून घेतलेली. नळीचा काळा रंग हाताळून हाताळून पांढुरका झालाय. दस्ता अक्रोडाचा, मुठीशी एक जुनी भेग, कुणीतरी फार निगुतीने चिकटवलेली. पकडीवर जाळीदार कोरीवकाम. बोल्ट मागे ओढला की एकच आवाज येतो, मधे कुठे खरखर नाही. घरून भिंग नेलं होतं. बोल्टच्या पुढच्या दोन्ही कानांवर घासल्याच्या खुणा सारख्या, म्हणजे दोन्ही बाजू भार घेतात. ब्रांडेस बघत होता. "तू पहिलीच, भिंग घेऊन आलेली."

रायफलीसाठी घरी पोलादी तिजोरी बसवलीय, तिच्या दोन किल्ल्या. एक ब्रांडेसच्या तिजोरीत ठेवली, त्याला परवाना आहे म्हणून चालतं. दुसरी माझ्याकडे. ती कुठे ठेवतेस, असं त्याने दोनदा विचारलं. म्हटलं, सुरक्षित.

गुरु., २४ एप्रिल

आम्टमध्ये, परवान्यांच्या सरकारी कचेरीत, नोंद झाली. हिरव्या कार्डावर माझं नाव, रायफलीचा नंबर. तिथल्या बाईने परत तोच मंत्र म्हटला: परवाना नसलेल्या माणसाला किल्ली मिळता कामा नये, नवऱ्यालाही नाही. माहीत आहे बाई. त्या पेपरात पैकीच्या पैकी आहेत मला.

किल्लीचा प्रश्न मात्र खरा. पर्समध्ये इरा उचकते, नऊ वर्षांची झाली तरी सवय जात नाही. ऑफिसच्या ड्रॉवरला कुलूप नाही. शेवटी देवघरात, देवांच्या खालच्या लाल वस्त्राखाली. मंदारने लग्नानंतर देवाला हात लावलेला नाही, आणि इरा फक्त प्रसादाला येते. या घरात माझ्याशिवाय कुणी न शिवणारी तेवढी एकच जागा.

शनि., ३ मे

शूटिंग रेंज. पहिल्या तीन गोळ्या खाली डावीकडे, पण तिन्ही एकाच ठिकाणी. रायफल खरं बोलते, दुर्बीण खोटं. दुर्बिणीचे स्क्रू फिरवले. मग पुढच्या तीन मधोमध, दोन युरोच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा.

खांदा काळानिळा. दस्त्यामागचं रबर पातळ, त्यात ही लाथ मारते. इतका आनंद शेवटचा कधी झाला होता आठवत नाही.

मंदारने खांदा बघितला. "नॉर्मल बायका योगा करतात."

शनि., १४ जून

पहिला रेह. नर, दोन वर्षांचा. एक गोळी, जागच्या जागी.

ब्रांडेसने ओकची डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास. मग दोघंही टोपी काढून उभे राहिलो.

अकरा वर्षं झाली या देशात. दर दोन वर्षांनी काँट्रॅक्ट रिन्यू होईल का म्हणून तोंडाकडे बघायचं. प्रत्येक पार्टीत, तू मूळची कुठली. त्या मचाणावर मला कुणी काही विचारत नाही. मी तिथे बसते कारण मला येतं. माझी एवढी एकच जागा आहे, आणि ती मला मागावी लागली नाही, मी मिळवली. हे मंदारला सांगायला गेले तर म्हणाला, "मांस फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात ठेव, मटारजवळ नको."

ठेवलं मटारजवळ.

शुक्र., २२ ऑगस्ट

बाबा आले, मंदारचे वडील. तीन महिने. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच. साताऱ्याला आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना तीस वर्षं शिकवलं, हात अजून तसेच, जाड आणि स्थिर.

सकाळी उठून बघते तर देवघर लख्ख. "अगं शर्वरी, देव काळे पडले होते." म्हटलं, वेळ होत नाही बाबा. मी ओशाळले. मग राग आला. यांच्या मुलाला का नाही विचारलं?

रवि., १४ सप्टें.

आज आश्चर्य. रायफल साफ करत होते, तर बाबा दारात उभे. मला वाटलं आता व्याख्यान. मांसाहार नाही, माळकरी घर, सुनेच्या हातात बंदूक. पण ते आत आले, खुर्ची ओढली, म्हणाले, "तो बोल्ट दाखव जरा."

रिकामी आहे हे दोनदा बघितलं, मग दिला. चष्मा वर करून उजेडात धरला. दहा मिनिटं फिरवून फिरवून बघत होते. "सीएनसी मशीन नव्हतं तेव्हा. हे कुणीतरी हाताने बसवलंय. पोरांना दाखवायला हवं होतं." आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, एवढ्या वेळात या घराण्यातल्या कुणी माझ्या कामाच्या वस्तूकडे इतका वेळ बघितलेलं नाही.

मग विचारलं, मारल्यावर काय करता. शेवटच्या घासाचं सांगितलं. "घास देतात?" हो म्हटलं. म्हणाले, "मग खंडेनवमीला हिला पूजेला ठेवायला हवी. मी दरवर्षी माझा मायक्रोमीटर ठेवतो."

मी म्हटलं, "बघू, बाबा."

मंगळ., ३० सप्टें.

स्टुटगार्ट, ऑफिसच्या कामाने, दोन दिवस. मशीन त्यांचं, चाचणी आमची, चुका आमच्याच. हॉटेल डोंगरावर, बॅग ओढत दम लागला.

बुध., १ ऑक्टो.

ट्रेनमध्ये. गाडी हलतेय म्हणून अक्षर असं.

ग्योटिंगेन सुटलं आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर मंदारचा फोटो. पाट, पाटावर लाल कापड, त्यावर माझी रायफल. दस्त्यावर हळदकुंकू, नळीवर झेंडूचा हार. बाजूला विळी, बाबांचा मायक्रोमीटर, मंदारचा लॅपटॉप. आणि इरा, शाळेचं दप्तर पाठीवर, कुंकवाचं बोट दस्त्यावर टेकलेलं. खाली मंदारने लिहिलंय: "आमच्या झाशीच्या राणीचं शस्त्र!" एकेचाळीस लाइक.

किल्ली.

किल्ली कुणी

घरी आले. बाबांना विचारलं. लपवलं नाही काही. "अगं, पहिल्याच दिवशी देव घासताना दिसली. तिजोरीची ते कळलंच. तू देवाखाली ठेवलीस म्हणजे बरोबरच ठेवली असशील. सकाळी काढली, पूजा केली, पुसून परत ठेवली. गोळ्यांना हात लावला नाही." आणि वर, "तू बघू म्हणाली होतीस ना?"

मी म्हणाले होते बघू. सासऱ्यांना तोंडावर नाही म्हणायचं नसतं म्हणून बघू म्हणतात, हे त्यांना माहीत असायला नको? की मलाच नाही म्हणता यायला हवं होतं? परीक्षेत पैकीच्या पैकी, आणि किल्ली कुठे, तर देवाच्या गादीखाली! दुसरं कुणी असतं तर मी स्वतः त्याला मूर्ख म्हटलं असतं. म्हणतेच.

मंदारला म्हटलं, आधी फोटो काढ. "काढतो गं, आधी जेवू तरी दे." मी त्याचं ताट उचलून आत नेलं.

गुरु., २ ऑक्टो.

दसरा. बाबांनी आपट्याच्या पानांऐवजी बागेतली कसलीतरी पानं हातावर ठेवली, नमस्कार केला, एवढंच. आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी आणली, जाड पोलादाची, तिजोरीच्याच दर्जाची. किल्ली आता त्यात. आकडा माझ्या डोक्यात.

टूथब्रश घेऊन दस्ता साफ केला. जाळीच्या कोरीवकामात कुंकू बसलंय. तेलात मिसळलंय, निघत नाही.

मंगळ., ७ ऑक्टो.

इराच्या वर्गशिक्षिकेचा फोन. वर्गात प्रत्येकाने घरच्या सणाबद्दल सांगायचं होतं. इरा म्हणाली, आजोबांनी आईची बंदूक कपाटातून काढली, आम्ही तिला लाल पावडर लावली, आई घरी नव्हती.

बाई आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या की त्यांना हे पुढे कळवावं लागेल. समजू शकते मी. त्यांच्या जागी मीही कळवलं असतं. आणि हे समजतंय म्हणूनच जास्त संताप येतोय, कारण ओरडायला माणूस उरत नाही. मग मंदारवर ओरडले. तो म्हणाला, "मी काय केलं? मी फक्त फोटो काढला." तोंडावर म्हणाला हे.

गुरु., १६ ऑक्टो.

पाच वाजता बेल. आम्टची दोन माणसं, एक बाई, एक पुरुष. न कळवता येतात, कायद्याने येऊ शकतात. बूट काढायला सांगितलं नाही तरी काढले.

तिजोरी उघडून दाखवली. रायफल, नंबर, गोळ्या, सगळं बरोबर. बाईने दस्ता उजेडात धरला. कोरीवकामातला लाल रंग बघितला. किल्लीची पेटी दाखवली. "ही कधीपासून?" दोन आठवडे. "त्याआधी किल्ली कुठे असायची?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मंदार मागून, "तिच्याकडेच. नेहमी. फक्त तिलाच माहीत." खणखणीत जर्मनमध्ये. दुकानात माझ्यासाठी तोंड उघडता आलं नव्हतं, इथे आलं.

आणि मी गप्प बसले. बाईने लिहून घेतलं. बाबा देवघरापाशी उभे होते, त्यांना एक शब्द कळला नाही, दोघांना नमस्कार केला.

शनि., २५ ऑक्टो.

पत्र आलं. आनह्योरुंग, म्हणजे शिक्षा देण्याआधी तुमचं म्हणणं काय ते विचारतात. १ ऑक्टोबरपर्यंत किल्ली कुठे होती, कुणाकुणाला मिळू शकत होती, लेखी कळवा. दोन आठवडे. मी विश्वासार्ह नाही असं ठरलं तर कार्ड जाईल, याग्डशाइन जाईल, रायफल जाईल. पाच-दहा वर्षं परत अर्जसुद्धा नाही.

मंदारकडे उत्तर तयार. पूजा आदल्या रविवारी झाली, तू घरी होतीस, तूच काढलीस, तूच ठेवलीस, फोटो फक्त उशिरा टाकला. कागदावर कुठेही अडत नाही म्हणे.

मग तो इराला शिकवायला बसला. शिकवायला! "बेटा, कुणी विचारलं तर पूजा रविवारी झाली, ओके?" इरा म्हणाली, "आबर दास वार मिटवोख." पण तो बुधवार होता. मंदार परत रविवार. ती परत बुधवार. तिच्या पाठीवर दप्तर होतं म्हणे त्या दिवशी. मी मधे पडले आणि अशी ओरडले की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला काठी ठोकली. माझ्या मुलीला खोटं बोलायला शिकवायचं नाही. माझ्यासाठी तर नाहीच नाही.

आणि तरी. आज दिवसभर त्या रविवारचाच विचार केला मी. हे इथे लिहितेय कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

रवि., २ नोव्हें.

ब्रांडेसकडे गेले, सगळं सांगितलं. चहा नाही विचारला. खिडकीतून बाहेर बघत होता. मग म्हणाला, "पन्नास वर्षांच्या संसारात माझ्या बायकोला किल्ली कुठे असते माहीत नव्हतं." मी दोनदा विचारलं होतं तुला, असंही म्हणाला. त्याचं बरोबर आहे, म्हणून अजून चीड.

निघताना म्हणाला, तुझं कार्ड गेलं तर मी काही करू शकणार नाही, मचाण दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. आणि मग: "श्रायब वेनिश." कमी लिही.

बुध., ५ नोव्हें.

बाबांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मंदार म्हणे, त्यांचं बीपी. पण बाबा काय आंधळे आहेत? आज जेवताना सरळ विचारलं, "माझ्यामुळे तुला त्रास झालाय का? खरं सांग." मी बघू-बिघू केलं नाही. हो म्हटलं, सगळं सांगितलं. मंदार टेबलाखालून पाय मारत होता, मी त्याला परत मारला.

बाबा उठले, खोलीत गेले. दोन तासांनी बाहेर आले, हातात कागद. "यांना मी पत्र लिहिलंय. तू याचं जर्मन कर. चूक माझी आहे, तुझ्या नावावर जाता कामा नये."

वाचलं. आयटीआयच्या रजिस्टरमधलं ते सुवाच्य अक्षर. मी अमुक, वय ७६, निवृत्त निदेशक. माझ्या सुनेचा यात काडीमात्र दोष नाही. तिची किल्ली देवघरात वस्त्राखाली असते, ती मला आल्या दिवशीच दिसली. ती कशाची हे मला ठाऊक होतं. मी तिला न विचारता तिजोरी उघडली. शिक्षा द्यायची ती मला द्यावी.

ती मला आल्या दिवशीच दिसली. म्हणजे बावीस ऑगस्टपासून चाळीस दिवस, परवाना नसलेल्या माणसाच्या हाताशी. आम्टला हवं असलेलं वाक्य नेमकं हेच आहे. ते मला वाचवायला निघालेत आणि मला संपवणारं वाक्य त्यांनी सर्वांत ठळक लिहिलंय.

त्यांना हे समजावून सांगावं? मग ते काय करतील? खोडतील? आयुष्यात कधी रजिस्टरमध्ये खाडाखोड केली नाही, हे या माणसाने मला दहा वेळा सांगितलंय. त्यांनी खोडलं तर मला जास्त वाईट वाटेल की नाही खोडलं तर, तेच कळत नाही. इतकी चिडले की भांडी घासायला घेतली, डिशवॉशर असताना.

शुक्र., ७ नोव्हें.

उद्या शेवटचा दिवस. सुट्टी घेतली. जर्मन केलं. सकाळी नऊपासून तीनपर्यंत, एका पानाला. सगळं आलं, त्यांचं वय, निदेशक, काडीमात्र दोष नाही, न विचारता उघडली. ते एक वाक्य आलं नाही. ते सोडून दिलं तरी पत्र सलग वाचता येतं. मी तीनदा वाचून बघितलं, कुठे भोक दिसत नाही.

साडेतीनला इरा शाळेतून आली. बाबांनी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले, त्यांचा आणि माझा. "इरा, बाळा, आजोबांना हे जर्मन कळत नाही. तू वाच आणि सांग, माझं सगळं आलंय का." त्यांचा माझ्यावर संशय नव्हता. पोरांचं काम दुसऱ्याकडून तपासून घ्यायची जुनी सवय.

मी म्हणू शकले असते, बाबा, तिला होमवर्क आहे. म्हणाले नाही.

इरा टेबलाशी गुडघ्यांवर बसली. देवनागरी ती बोट ठेवून वाचते, हळू. एक बोट मराठीवर, एक जर्मनवर. दोन्ही बोटं सोबत खाली सरकत होती. मंदार स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता. मग मराठीवरचं बोट थांबलं. जर्मनवरचं वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं.

"आई, दा फेल्ट आइन झात्स."

एक वाक्य नाहीये इथे.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतेय ती?"

आता पाच वाजलेत. स्वयंपाकघराचं दार लावून हे लिहितेय. बाबा बाहेर टेबलाशीच बसलेत, इरा त्यांच्या शेजारी. त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.